मी पायरीवर बसलो तेव्हा

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझी सून मनवा फोनवर कोणाला तरी म्हणाली, "नाही गं, त्रास असा काही नाही. आणि असला तरी काय करणार, सुहासने आईंना शब्द दिलाय ना." ती डबे भरत होती. मी चार पावलांवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. नगरच्या सावेडीतल्या या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये भिंतच नाही, कमरेइतका एक ओटा आहे. बांधणाऱ्याला वाटलं असावं की इथे राहणारे एकमेकांपासून काही लपवणार नाहीत. ती वाईट बोलली नव्हती. आवाजात चीड नव्हती, कुरकुर नव्हती, दूधवाला उद्या येणार नाही हे सांगावं तसं तिने सांगितलं, आणि म्हणूनच ते मला लागलं. दोन वर्षं मी या घरात आपण नक्की कोण आहोत हे ठरवायचा प्रयत्न करत होतो. आधी वाटलं पाहुणा, मग वाटलं अडगळ, मग गोळ्या सुरू झाल्यावर वाटलं रोगी. त्या सकाळी समजलं की मी यांपैकी कोणीच नाही. मी सुहासने त्याच्या मेलेल्या आईला दिलेला शब्द आहे, आणि ही दोघं तो पाळतायत. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि पुढच्या पानावर काय छापलंय ते अर्धा तास बघत राहिलो. राग यायला लागला होता. इतक्या दिवसांनी काहीतरी यायला लागलं याचं मला बरंच वाटलं.

अंबिका गेली त्याच्या चौदाव्या दिवशी सुहासने माझी बॅग गाडीत ठेवली आणि मी कोपरगाव सोडलं. तेव्हा मी बहात्तर वर्षांचा होतो. या वयात माणूस गाव बदलतो म्हणजे काय होतं, तर सकाळी उठून कुठे जायचं तेच त्याला कळेनासं होतं. पन्नास वर्षं मी पहाटे अंघोळ करून गोदावरीच्या घाटावर जात आलो. दहावं, अकरावं, बारावं, अस्थी, वर्षश्राद्ध, हे माझं काम. इथे आल्यावरही जाग त्याच वेळी येई, अंग आपसूक तयार होई, धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून मी दारापर्यंत जाई आणि दाराची कडी हातात धरून उभा राही. पहिल्या तीन महिन्यांत मनवाने मला असं कितीदा पाहिलं असेल. "बाबा, कुठे निघालात?" ती विचारी. "कुठे नाही," मी म्हणे, आणि ते अगदी खरं होतं. पायांचं तर विचारू नका. घाटाच्या पायऱ्या कुठे झिजल्यात, कुठे एक दगड हलतो, कुठली पायरी इतरांपेक्षा चार बोटं उंच आहे, हे सगळं तळव्यांना पाठ होतं. इथे सगळीकडे सपाट, गुळगुळीत फरशी. चालता चालता माझा पाय खाली पायरी असेल म्हणून किंचित थांबायचा आणि पायरी नसायची. छातीत धस्स व्हायचं. दिवसातून वीसदा तरी व्हायचं. एका दुपारी कुकरची शिटी झाली आणि मी रडायला लागलो. कशासाठी ते मला सांगता येईना, थांबवताही येईना. मनवा घाबरली, सुहास ऑफिसातून धावत आला, आणि दोन दिवसांनी मला सुकन्या नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मनाच्या डॉक्टर. तिशी-पस्तिशीची बाई, बोलायला गोड, ऐकून घ्यायची सवय असलेली. तिने सुहासला माझ्यादेखत समजावलं की उतारवयात गाव सुटलं की असं होतं, ओळखीच्या खुणा जातात, काम जातं, हाक मारणारी माणसं जातात, मनाला ते झेपत नाही, जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं की सुकतं तसं. सुहास मान डोलवत होता. मला गंमत वाटली. झाडालाही कोणी विचारत नाही, हे त्या दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मग तिने मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय हवंसं वाटतं?" मी म्हणालो, "चहा." तिने हसून अर्धी पांढरी गोळी लिहून दिली.

आता घाटावरची एक गोष्ट सांगतो, जी मी अंबिकेलाही कधी सांगितली नाही. दहाव्याला भाताचा पिंड ठेवतात, सगळे मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर गेलेला माणूस तृप्त होऊन गेला. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली. मग घरचे एकेक जण पुढे येतात, हात जोडतात आणि अंदाजाने बोलत सुटतात, धाकटीचं लग्न आम्ही करू, तुमची गाय विकणार नाही, भावाशी अबोला धरणार नाही. बरोबर बोलणं झालं की कावळा येतो, असं सगळे मानतात. मी या कामाला लागल्याला आठेक वर्षं झाली असतील तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी उभा असेपर्यंत आमच्या घाटावरचे कावळे पिंपळावरून हलतच नाहीत. मी पायरीवर बसलो की उतरतात. कारण साधं होतं. विधी चालू असताना मी उभा असे आणि मध्येच झेपावणाऱ्या कावळ्याला उपरण्याने हाकलत असे. काम संपलं की पायरीवर बसून घाम पुसत असे. कावळ्यांनी एवढं बरोबर टिपलं होतं. मी उभा म्हणजे उपरणं, मी बसलो म्हणजे भात. त्यांनी ते आपल्या पिल्लांनाही शिकवलं असावं, कारण पुढे कावळे बदलले, पण हे बदललं नाही.

आधी मला नुसती मौज वाटली. नंतर मी तिचा उपयोग करायला लागलो, आणि लाज सोडून सांगायचं तर मला त्यात फार सुख मिळालं. कोपरगावात कोणाच्या घरात काय चाललंय हे मला ठाऊक असायचं. बाप मेल्यावर आईला वाटेला लावायला निघालेले भाऊ माझ्यासमोर मुंडण करून बसायचे, आणि मी उभा राहायचो. ऊन चढायचं, दगड तापायचा, अनवाणी पाय एकावर एक घेत ते उभे असायचे. एक म्हणायचा, बंगल्याला तुमचं नाव देतो. मी उभाच. दुसरा म्हणायचा, दरवर्षी अन्नदान करतो. मी उभाच. शेवटी घामाघूम होऊन थोरला म्हणायचा, "आईला मी माझ्याकडे नेतो, जन्मभर सांभाळतो." मग मी बसायचो. कावळा यायचा. बायका रडायच्या, पुरुष डोळे पुसायचे, आणि घाटावर दिलेला तो शब्द मोडायची कोणाची छाती व्हायची नाही. अशा किती म्हाताऱ्या आणि म्हातारे मी बसल्या जागेवरून पुण्याला, नाशिकला, ठाण्याला धाडून दिले ते मलाही सांगता येणार नाही. मला वाटायचं, मी पुण्य करतोय. त्यांना जायचंय का, हे मी कधी विचारलं नाही. हे आता आठवलं की टोचतं. टोचू दे.

अंबिकेचं दहावं माझ्या भाच्याने केलं. तो माझ्याच हाताखाली तयार झालेला, भाबडा, मंत्र स्वच्छ म्हणणारा. सुहास कर्ता. मी नवरा म्हणून बाजूला उभा होतो. चैत्रातलं ऊन होतं. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, कावळे पिंपळावर बसून राहिले. तास गेला, दीड तास गेला. लोक कुजबुजायला लागले. का येत नाहीत ते तिथे एकट्या मला कळायला हवं होतं, पण त्या दिवशी माझं डोकं जागेवर नव्हतं. समोर भाताचा गोळा होता आणि ती अंबिका होती असं मला सांगण्यात आलं होतं. चाळीस-बेचाळीस वर्षं जी बाई माझ्या उपरण्याला निळीचा हात देऊन वाळत घालायची, तिचं काय राहिलं असेल याचा मीही खुळ्यासारखा विचार करत होतो. सुहास पुढे आला. "आई, तुझी पोथी मी जपून ठेवीन." कावळे जागचे हलले नाहीत. "आई, तुझ्या तुळशीला पाणी घालायची व्यवस्था करतो." तरी तेच. मग त्याचा आवाज फुटला. "आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही. मी त्यांना माझ्याकडे नेतो." आणि मी खाली बसलो. ठरवून बसलो नाही. चाळीस वर्षं असला शब्द कानावर पडला की माझे गुडघे वाकत आले होते, ते त्याही दिवशी वाकले, इतकंच. बुड दगडाला टेकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. तोवर वरून दोन कावळे उतरले होते. "बघा, तिचा जीव यांच्यातच अडकला होता," असं माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळा घाट रडला. मला ओरडून सांगता आलं असतं की अरे, तसं काही नाही, हे माझ्या बसण्यामुळे झालं. पण मग चाळीस वर्षं उघडी पडली असती. कितीतरी घरं आजही त्या शब्दांवर चालली होती. मी तोंड मिटून बसून राहिलो, आणि चौथ्या दिवशी गाडीत बसलो.

कोणीही म्हणेल, मग यात दोष तुझाच. मी म्हणत नाही. मी म्हातारा आहे, शहाणा आहे असा दावा मी कधी केला नाही. सुहासने मेलेल्या बाईला विचारलं, कावळ्याला विचारलं, मी तीन पावलांवर जिवंत उभा होतो आणि मला विचारलं नाही. त्या दिवशी नाही, गाडीत नाही, इथे आल्यावर दोन वर्षांत एकदाही नाही. जेवलात का विचारलं, गोळी घेतली का विचारलं, पंखा वाढवू का विचारलं. ज्याने आपलं सगळं उचलून नेलं त्याने पंख्याचं विचारावं, याची चीड किती येते ते ज्याला आली त्यालाच ठाऊक. त्या मंगळवारी मनवाचं फोनवरचं बोलणं ऐकल्यावर या चिडीला प्रथमच दिशा मिळाली. मी ठरवलं, याने मला कावळ्याच्या जोरावर आणलं, तर मी याला कावळ्यानेच गाठणार.

बेत सोपा होता. मी मरणार तर होतोच. मरताना कोणालाही ओळखता येणार नाही अशी एक इच्छा घेऊन मरायचं, आणि ती कोणाला सांगायची नाही. मग सुहासने मुंडण करून, ओलं धोतर नेसून, तापल्या दगडावर उभं राहायचं आणि बोलत सुटायचं. मी दुपारभर बसून इच्छा निवडायला लागलो, बाजारात वांगी निवडावीत तशी. कोपरगावला जायचं होतं, ही पहिलीच सुचली, पण ती तर पोर पहिल्या दमात ओळखील. पुरणपोळी, पोथी, घराचं कुलूप, सगळी ओळखण्यासारखी. मुलगा हुशार आहे, यादी करून आणील. आणि खोटी इच्छा धरून चालणार नव्हतं. पन्नास वर्षं कावळ्यांची लबाडी बघूनही मनाच्या तळाशी कुठेतरी माझा त्यांच्यावर विश्वास होता. चार दिवस शोधल्यावर मला माझी खरी इच्छा सापडली, आणि ती सापडली तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. सुहासने मला एकदा विचारावं, एवढीच माझी इच्छा होती. बाबा, तुम्हाला यायचं होतं का, इतकं एक वाक्य. मेल्यानंतर हे विचारता येत नाही. जिवंत माणसालाच विचारता येतं. घाटावर तो जगातलं काहीही कबूल करू शकेल, हे मात्र नाही. भाच्याला मी शिकवलं होतं की कावळा न शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावता येतो, पण सूर्य डोक्यावरून कलेपर्यंत दर्भाला हात लावायचा नाही. म्हणजे निदान चार तास. चार तास उभा राहा, सुहास.

त्यानंतर माझी तब्येत सुधारली. हे मी थट्टेने सांगत नाही. मला भूक लागायला लागली, दोन भाकऱ्या जायला लागल्या, झोप येऊ लागली, फरशीवर पाय अडखळेनासा झाला. मी मनवाची चेष्टा करू लागलो, तिच्या आमटीत आमसूल जास्त पडलं की नाटकी डोळे मिटू लागलो, आणि ती बिचारी खरंच आनंदली. तीच मैत्रीण, तोच फोन, तोच ओटा: "अगं, बाबा मस्त रुळले." सुकन्याबाईंनी गोळी अर्ध्याची पाव केली आणि सुहासला म्हणाल्या, बघा, वेळ द्यावा लागतो. मी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. त्यांना काय सांगणार की मला औषध लागू पडलेलं नाही, सूड लागू पडलाय. रोज संध्याकाळी सुहास बुटांच्या नाड्या सोडत सोफ्यावर बसे तेव्हा मी त्याच्या वाढत्या टकलाकडे बघे आणि त्यावर ऊन कसं लागेल याचा हिशेब करी. एकच धोका होता. त्याने जिवंतपणी विचारलं तर सगळं संपलं. तो कधी रविवारी माझ्याजवळ येऊन बसे, काही बोलू की नको असा गप्प राही, की मी घाईघाईने बोलायला लागे, हवामानावर, राहुरीच्या पेरूंवर, शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर, काहीही. तो दमून उठून जाई. त्याने विचारावं म्हणून मी दोन वर्षं झुरलो, आणि आता विचारू नये म्हणून तोंड चालवत होतो.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बिभीषणतात्या राहायचे. कर्जतकडचे शेतकरी, बायको आधीच गेलेली, मुलगा वाल्मिक इथे कंपनीत, त्याने आणून ठेवलेले. खाली पार्किंगच्या कडेला सिमेंटचा बाक होता, तिथे आम्ही बसायचो. तात्यांचं माझ्यासारखं नव्हतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत. "गुरुजी, मला हितं लई कोंडल्यावानी हुतंय. पोराला रोज सांगतो, सोड बाबा मला गावाला. त्यो म्हनतो, दिवाळीला जाऊ." मी त्यांना एकदा माझं गुपित सोडून बाकी तत्त्वज्ञान ऐकवलं. म्हणालो, तात्या, मागायचं सोडून द्या. मागितलं की नाही म्हणायचा मान समोरच्याला मिळतो. गप्प राहा. त्याला तुमच्या मनातलं कळू देऊ नका. तात्यांनी माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. "आन् मग पोराला कळायचं कसं? तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला जमतंय. आमी आपलं तोंडानं सांगतो. न्हाई दिलं तर न्हाई दिलं, पन सांगितलं न्हाई आसं नको व्हायला." मला ते फार बावळट वाटले. त्यांच्या बाजूने मला वाल्मिकचाही राग यायचा. दोन सूड एका वेळी मनात बाळगण्याइतकी जागा माझ्याकडे होती.

वैशाखात तात्या दुपारी खुर्चीतच गेले. कर्जतला नेऊ असं वाल्मिक म्हणत होता, पण नातेवाईक इथे जमलेले, ऊन फार, शेवटी सगळं नगरातच उरकलं आणि दहावंही नदीकाठच्या घाटावर ठेवलं. सुहासने रजा घेतली आणि मला स्कूटरवर मागे बसवून नेलं. दोन वर्षांत प्रथमच मी घाटावर उभा राहिलो. पत्र्याची शेड, सिमेंटचा ओटा, एका वेळी तीन कुटुंबांचे विधी चाललेले. कावळे विजेच्या तारेवर होते. पिंड ठेवला आणि मी बघताक्षणी ओळखलं की हे येणार नाहीत. माणसं फार जवळ उभी होती, एक जण मोबाईलवर चित्रण करत होता, पलीकडच्या दोन पिंडांवर पक्ष्यांचं पोट भरलं होतं. मी एवढं जरी म्हटलं असतं, दहा पावलं मागे सरा आणि तो मोबाईल खिशात घाला, तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मी म्हणालो नाही. वाल्मिक पुढे आला. "तात्या, चुकलं माझं. दिवाळीला नेनार हुतो." कावळे तारेवरच. "तात्या, तुमच्या हिरीवर तुमच्या नावाचा दगड बसवतो. वर्साला गावी येतो." त्याचे पाय पोळत होते, तो टाचा उचलत होता, आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. उभा राहा, वाल्मिक. रोज सांगत होते तात्या, रोज. मी तात्यांसाठी आणि स्वतःसाठी, दोघांसाठी ते बघत होतो. पुढची रंगीत तालीमच ती.

मग तिथल्या गुरुजींनी घड्याळ बघितलं. मागे आणखी एक कुटुंब खोळंबलं होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला, दोन पीळ दिले, चोचीसारखं टोक काढलं आणि पिंडाला टेकवलं. "झालं. शिवला." मोजून वीस मिनिटं झाली होती. वाल्मिकने बावरून विचारलं, "गुरुजी, आसं चालतंय का?" ते म्हणाले, "शास्त्रात आहे." शास्त्रात आहेच, मीही कित्येकांना तेच सांगितलं होतं. वाल्मिकने डोळे पुसले, खांदे सैल सोडले, आणि त्याचे पाय सावलीकडे वळले. माझंही असंच होणार होतं. भाच्याला कोपरगावहून कोण आणतंय? इथेच, याच शेडमध्ये, रांगेत, वीस मिनिटांत माझी इच्छा दर्भाच्या काडीने पुरी करून टाकणार होते. दोन वर्षं रडून आणि दीड महिना हसून मी जे जमवलं होतं ते घड्याळ बघणाऱ्या एका माणसाने माझ्यासमोर मोडलं. मला त्या गुरुजींची, वाल्मिकची, तारेवरच्या कावळ्यांची, सगळ्यांची इतकी शिसारी आली की तोंड कडू झालं. कोणीतरी माझं कोपर घट्ट धरलं होतं. बघितलं तर सुहास. तो वाल्मिककडे बघत होता.

आम्ही घरी आलो. पार्किंगमध्ये त्याने स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली, मला उतरवलं आणि चावी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी सवयीने तोंड उघडलं, "वैशाखातच एवढं ऊन म्हणजे," असं काहीतरी. त्याने मला थांबवलं.

"बाबा, आईच्या दहाव्याला मी जे बोललो ते आईशी बोललो. तुम्हाला विचारलंच नाही."

मी उपरण्याने घाम पुसला.

"मी तेव्हा कावळ्याकडे बघत नव्हतो. तुमच्याकडे बघत होतो. मी बोललो आणि तुम्ही खाली बसलात. मला वाटलं, तुमच्या जिवाला बरं वाटलं, म्हणून बसलात. मग मी परत कधी विचारलं नाही. आज त्या वाल्मिकला बघून मला कसंतरी झालं. उद्या मीही तिथे काहीबाही बोलत उभा राहीन." त्याने चावी खिशात टाकली. "तुम्हाला यायचं होतं का इकडे? खरं सांगा. परत जायचं असलं तर शनिवारी नेतो. तिथे दादा आहे, मी दर पंधरा दिवसांनी येत जाईन. मनवाशी मागेच बोललोय मी."

दादा म्हणजे माझा भाचा. म्हणजे सगळा विचार करून झाला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. टकलावर घाम होता, डोळे लाल होते, आणि तो अगदी लहानपणी शाळेतून काही हरवून आल्यावर दिसायचा तसा दिसत होता. नव्हतं यायचं. एवढंच म्हणायचं होतं. शनिवारी गाडी, रविवारी पहाटे घाट, तळव्याखाली तो हलणारा दगड. माझ्या जिभेवर ते आलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण त्याच्याही वर दुसरं काहीतरी आलं. इतकं स्वस्त? माझी दोन वर्षं, ती दाराची कडी, ती कुकरची शिटी, आणि हा भर दुपारी पार्किंगमध्ये एक प्रश्न विचारून मोकळा होणार? मी खरं बोललो की हा मला गावी पोचवील, त्याच्या छातीवरचा दगड उतरेल, आणि माझ्या दहाव्याला हा ताठ उभा राहील, कारण याने विचारलेलं असेल आणि मी सांगितलेलं असेल. वाल्मिकसारखे याचेही खांदे सैल होतील. ते मला बघवणार नव्हतं. मेल्यावरही बघवणार नव्हतं.

"यायचंच होतं रे," मी म्हणालो. "म्हणून तर बसलो. वेडा आहेस का तू?"

"खरं?"

"खरं. इथे बरंय मला. सुकन्याबाई पण म्हणतात ना."

तो हसला. अंबिका गेल्यापासून इतका मोकळा हसलेला मी त्याला पाहिला नव्हता. डोळे पुसत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात जड होता, उबदार होता, त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका आयुष्यात कधी कोणाचा आला नसेल. "मग एक करू," तो म्हणाला, "मे संपायच्या आत कोपरगावचं घर मोकळं करून टाकू. उगाच बंद ठेवून काय करायचं? दादाला वापरू दे. तुमचं-आईचं जे काय हवं ते घेऊन येऊ. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणालो.

तो लिफ्टकडे निघाला. मी त्याच्या मागे निघालो. मी खोटं बोललो हे त्याला कधीही, कोणीही सांगू शकणार नव्हतं. माझ्याजवळ आता तेवढंच उरलं होतं, आणि ते मी काही झालं तरी त्याला देणार नव्हतो.